सोन मी : सैनिकांचे डोळे उघडणारे गाव

व्हिएतनामला सहलीला जाणारी आपल्याकडची मंडळी बहुधा हनोई, हा लाँगचा समुद्र, दा नांग आणि हो ची मिन्ह शहर एवढे पाहून परततात. दा नांगहून दक्षिणेला सव्वाशे-दीडशे किलोमीटरवर क्वांग न्गाई नावाचे शहर आहे. सहल कंपन्यांच्या यादीत ते सहसा नसते. या शहरातून समुद्राकडे बारा-तेरा किलोमीटर गेले की सोन मी हे गाव लागते. जगाला ते 'माय लाय' या नावाने माहीत आहे, कारण अमेरिकन लष्कराच्या नकाशावर येथील वस्त्यांना ते नाव होते. गावकरी मात्र सोन मीच म्हणतात आणि स्मारकावरही तेच नाव आहे.

16 मार्च 1968 च्या सकाळी, अवघ्या चार तासांत, या गावातील 504 माणसे अमेरिकन सैनिकांनी मारली. ही हकीकत आपल्यापैकी काहींनी वाचली असेल. पण वाचकहो, एक गोष्ट सहसा सांगितली जात नाही. ज्यांनी मारले ती मुले अठरा ते बावीस-तेवीस वर्षांची होती आणि ज्यांनी मारणाऱ्यांच्या आड उभे राहून माणसे वाचवली तीही त्याच वयाची होती. गणवेश एकच, देश एकच, सकाळ एकच. मग एकाचे डोळे तिथल्या तिथे उघडले, दुसऱ्याचे दुसऱ्या दिवशी, तर तिसऱ्याचे उघडले तेव्हा सारे संपले होते, असे का झाले? आपल्या वस्त्यांतून दरवर्षी कितीतरी मुले पहाटे उठून धावतात, छाती मोजून घेतात, भरतीच्या रांगेत उभी राहतात. गणवेशातला फोटो भिंतीवर लावलेली घरे आपल्यात पुष्कळ आहेत. म्हणून हा प्रश्न आपल्याला परका नाही. आम्ही काही कुटुंबे मिळून व्हिएतनामला गेलो, तेव्हा वाट वाकडी करून या गावी गेलो ते याच प्रश्नासाठी.

भातशेतीतला रस्ता

क्वांग न्गाईहून निघाले की त्रा खुक नदी ओलांडावी लागते. मग रस्ता नदीच्या बाजूने समुद्राकडे जातो. दोन्हीकडे भातखाचरे, बांधावर माड, केळी, मधूनच म्हशी. किनाऱ्याजवळ सुरूची झाडे. आमच्यातील कोकणातल्या बायकांना तर आपल्याच तालुक्यात आल्यासारखे वाटले. रस्त्याकडेच्या खानावळीत नदीमुखातल्या बारीक शिंपल्यांचे गरम सूप मिळते. त्यात तांदळाचा पापड मोडून घालतात. शिंपले आणि भात खाणाऱ्या माणसांना येथे उपाशी राहावे लागत नाही.

हे सांगण्याचे कारण एवढेच की, ज्यांना त्या दिवशी 'शत्रू' म्हटले गेले ती माणसे अशी होती : भात लावणारी, म्हशी राखणारी, सकाळी चूल पेटवून न्याहारीला बसलेली.

504 नावे

स्मारकाच्या आवारात शिरल्यावर समोर दगडी शिल्प दिसते. एका बाईने एका हाताने मूल धरले आहे, दुसरा हात वर उगारला आहे आणि तिच्या पायाशी माणसे कोसळली आहेत. येणारे लोक तेथे उदबत्ती लावतात, आम्हीही लावली. संग्रहालयात काळ्या दगडावर 504 नावे वयासह कोरली आहेत. आपण वाचत जातो आणि मग लक्ष नावावर राहत नाही, वयाच्या आकड्यावर जाते. 70, 62, 8, 5, 2, 1. मृतांत 182 स्त्रिया होत्या, त्यांपैकी 17 गर्भवती. मुले 173, आणि त्यांत 56 तान्ही, पाच महिन्यांच्याही आतली. 24 कुटुंबे अशी की दिवा लावायला मागे कोणी उरले नाही.

बाहेर जळालेल्या घरांची जोती तशीच ठेवली आहेत. कोणत्या घरातली कोण कोण माणसे गेली, त्याची पाटी प्रत्येक जोत्यापाशी आहे. वस्तीतल्या पायवाटा सिमेंटने बांधताना त्यांत ठसे उठवले आहेत. लष्करी बुटांचे ठसे, त्यांच्यामध्ये अनवाणी पायांचे ठसे, सायकलीच्या चाकाची रेघ. त्या वाटेने चालताना कोणी मोठ्याने बोलत नाही. आमच्याबरोबरची लहान मुलेसुद्धा आपोआप गप्प झाली.

ही मुले कोण होती?

अमेरिकेत त्या काळी सक्तीची भरती होती. पण सक्ती सर्वांना सारखी नव्हती. कॉलेजात शिकणाऱ्याला सूट मिळे, ओळखीचा डॉक्टर असलेल्याला दाखला मिळे. उरली ती खाणकामगारांची, शेतमजुरांची, कारखान्यातल्या कामगारांची मुले. त्यांत काळ्या समाजातली मुले पुष्कळ होती. सैनिक कमी पडू लागले तेव्हा 1966 पासून लेखी परीक्षेची पातळी खाली आणून तीन लाखांहून अधिक तरुण घेतले गेले. शिक्षणात मागे राहिलेली ही मुले बहुतांश गरिबाघरची होती. युद्ध ठरवणारे एका वर्गातले होते आणि लढणारे दुसऱ्या वर्गातले. हे गणित आपल्याला कोणी समजावून सांगायला नको.

सोन मीत शिरलेली 'चार्ली कंपनी' डिसेंबर 1967 मध्ये व्हिएतनामला आली. तीन महिन्यांत तिला समोरासमोरची लढाई जवळजवळ मिळालीच नाही. मिळाले ते सुरुंग. फेब्रुवारीत सुरुंगांच्या एका शेतात कंपनीची बरीच मुले सापडली. 14 मार्चला त्यांचा एक लाडका सार्जंट असाच उडाला. 15 मार्चला त्याची शोकसभा झाली आणि तिलाच जोडून कॅप्टन मेडिना यांनी दुसऱ्या दिवशीची कामगिरी समजावली. सांगितले गेले ते असे : गावात शत्रूची मोठी तुकडी आहे, आणि सकाळी सातपर्यंत साधी माणसे बाजाराला निघून गेलेली असतील, म्हणून जो सापडेल तो शत्रू.

सकाळी साडेसातच्या सुमारास हेलिकॉप्टरे उतरली. शत्रूची तुकडी नव्हतीच. सैनिकांवर एकही गोळी झाडली गेली नाही. सबंध दिवसात हाती लागली ती तीन हत्यारे. पण आदल्या दिवशी मनात भरलेला शब्द पुसला गेला नाही. ज्याचा चेहरा कधी दिसला नाही त्या शत्रूचा राग, समोर दिसणाऱ्या म्हातारीवर निघाला.

वरून दिसले ते

त्या वेळी गावावर एक लहान, तीन माणसांचे टेहळणी हेलिकॉप्टर फिरत होते. चालक ह्यू थॉम्पसन, वय 24, जॉर्जिया राज्यातल्या गावचा. आधी तो नौदलाच्या बांधकाम विभागात काम करून आला होता. घरी परतून त्याने अंत्यविधीच्या व्यवसायात जम बसवला होता. तरी व्हिएतनाममध्ये देशाला आपली गरज आहे असे वाटून 1966 मध्ये तो आपण होऊन पुन्हा लष्करात आला. बरोबर ग्लेन आंद्रेओटा, वय 20, आणि मशीनगनवर लॅरी कोलबर्न, वय 18. या तिघांना युद्ध नको होते असे नाही. ते युद्धच करायला आले होते.

सकाळी त्यांना भातखाचरांत जखमी माणसे दिसली. थॉम्पसनने हिरवा धूर सोडून जागा दाखवली. त्याचा अर्थ असा की येथे जखमी आहेत, मदत पाठवा. इंधन भरून तो परत आला, तो धुराच्या खुणेपाशी पडलेली ती सर्व माणसे मेलेली होती. मग त्याने वरून पाहिले की, एका जखमी बाईपाशी एक अधिकारी गेला, त्याने तिला पायाने हलवले आणि गोळी घातली. तो अधिकारी कॅप्टन मेडिना होता.

थॉम्पसनने पुढे अनेकदा सांगितले आहे की, त्याने आधी आपल्या मनाची समजूत घालायचा खूप प्रयत्न केला. पहाटेच्या तोफांच्या माऱ्यात ही माणसे सापडली असतील, पळताना मेली असतील, असे तो स्वतःला सांगत राहिला. आपल्या बाजूची माणसे असे करतील हे मानायला मन तयार होत नव्हते. पण गावाच्या पूर्वेला पाण्याचा चर होता. तो माणसांनी भरलेला दिसला तेव्हा एकही सबब शिल्लक राहिली नाही. तोफेचे गोळे माणसांना ओळीने चरात नेऊन उभे करत नाहीत.

तो खाली उतरला. चराजवळच्या सैनिकांना, मग लेफ्टनंट विल्यम कॅलीला त्याने विचारले, या लोकांना मदत करता येईल का? उत्तर मिळाले ते असे की हे जमिनीवरचे काम आमचे आहे, तू आपले पाहा. हेलिकॉप्टर वर चढले, तोच चरात पुन्हा गोळीबार सुरू झाला.

थोड्याच वेळात त्याला दिसले की, काही बायका, मुले आणि म्हातारी माणसे एका भुयारी निवाऱ्यात लपली आहेत आणि सैनिक तिकडे चालले आहेत. थॉम्पसनने हेलिकॉप्टर नेऊन सैनिक आणि निवारा यांच्या मधोमध उतरवले. कोलबर्न आणि आंद्रेओटा यांना त्याने सांगितले की मी या लोकांना बाहेर आणतो आहे, आपल्या सैनिकांनी त्यांच्यावर किंवा माझ्यावर गोळी झाडली तर तुम्ही आपल्या सैनिकांवर झाडा. मग हातात हत्यार न घेता तो निवाऱ्याकडे गेला आणि हातांच्या खुणांनी एकेकाला बाहेर काढले. त्याच्या लहान यंत्रात दहा-बारा माणसे मावणार नव्हती. त्याने दुसऱ्या एका मोठ्या हेलिकॉप्टरच्या चालकाला विनवून खाली बोलावले आणि सर्वांना सुरक्षित जागी पाठवले.

चर

तो चर आजही राखून ठेवला आहे. आता त्यात शांत पाणी असते. फार रुंद नाही, आपल्याकडच्या पाटासारखाच. याच्या काठाशी उभे राहून पुढचे आठवावे.

निघताना आंद्रेओटाला चरात काहीतरी हलल्यासारखे वाटले. हेलिकॉप्टर पुन्हा उतरले. वीस वर्षांचा तो मुलगा कमरेपर्यंतच्या प्रेतांत उतरला आणि रक्ताने माखलेले, पण जखम न झालेले एक जिवंत मूल घेऊन वर आला. मुलाला क्वांग न्गाईच्या इस्पितळात पोचवले. नंतर थॉम्पसनने तळावर जाऊन वरिष्ठांना संतापून सर्व हकीकत सांगितली आणि गोळीबार थांबवण्याचा आदेश सुटला. अधिकृत अहवालात मात्र शत्रूचे 128 सैनिक मारले अशी नोंद झाली. तीन आठवड्यांनी, 8 एप्रिल 1968 रोजी, आंद्रेओटा दुसऱ्या एका कारवाईत मारला गेला. त्या सकाळचे त्याच्या मनात काय झाले हे सांगायला तो राहिला नाही.

नाही म्हणणारे, आणि न म्हणू शकलेले

जमिनीवरच्या सैनिकांतही काहींनी नाही म्हटले. हॅरी स्टॅनली हा मिसिसिपीचा काळा तरुण. कॅलीने हुकूम दिला तरी त्याने निःशस्त्रांवर गोळी झाडली नाही. कोर्ट मार्शलची धमकी ऐकूनही तो हटला नाही. रॉबर्ट मेपल्स यानेही आपली मशीनगन वापरायला नकार दिला. या दोघांना जागेवरच कोणी गोळी घातली नाही, हेही ध्यानात घ्यावे. हुकूम मोडला असता तर आम्हीच मेलो असतो, असे म्हणणाऱ्यांना हे उत्तर आहे.

उलट पॉल मीडलो पाहा. इंडियानातल्या खाणकामगाराचा मुलगा. कॅलीच्या हुकमावरून त्याने गोळ्या झाडल्या. दुसऱ्याच दिवशी सुरुंगावर पाय पडून त्याचा पाय गेला, आणि ही आपल्याला मिळालेली शिक्षा आहे असे त्याला वाटले. नोव्हेंबर 1969 मध्ये त्याने दूरदर्शनवर सर्व देशासमोर केलेले सांगितले. त्याच्या आईने पत्रकार सेमूर हर्श यांना सांगितले ते ऐकून आपल्या कोणत्याही आईच्या पोटात कालवेल : मी लष्कराला चांगला मुलगा दिला होता, त्यांनी त्याला खुनी करून परत पाठवले.

वर्नाडो सिम्प्सन हाही मिसिसिपीचा काळा तरुण. आपल्या हातून पंचवीसच्या आसपास माणसे मेली असे तो स्वतः सांगत असे. घरी आल्यावर त्याला झोप येईना. 1977 मध्ये त्याचा लहान मुलगा रस्त्यावरच्या गोळीबारात मारला गेला. मुलाला मांडीवर घेतले तेव्हा सोन मीतले चेहरे दिसले, असे तो म्हणे. खिडक्या-दारे बंद करून, औषधांवर त्याने वर्षे काढली आणि 1997 मध्ये जीवन संपवले. त्याचे डोळेही उघडले होते. पण ते मिटण्याची सोय त्याच्याकडे राहिली नव्हती.

खरे बोलण्याची किंमत

हे प्रकरण दीड वर्ष दडपले गेले. ते बाहेर काढले तेही एका तरुण सैनिकानेच. रॉन रायडनहावर त्या दिवशी गावात नव्हता. मित्रांकडून त्याने हकीकत ऐकली आणि एकेकाला विचारून खात्री करून घेतली. घरी परतल्यावर मार्च 1969 मध्ये त्याने राष्ट्राध्यक्ष व काँग्रेसचे सदस्य धरून सुमारे तीस जणांना पत्रे पाठवली. त्यातून चौकशी सुरू झाली. नोव्हेंबर 1969 मध्ये हर्श यांची बातमी आणि लष्करी छायाचित्रकार रॉन हेबर्ले यांची छायाचित्रे छापली गेली. आज संग्रहालयाच्या भिंतीवर आहेत ती हीच छायाचित्रे.

अनेकांवर आरोप ठेवले गेले, पण शिक्षा झाली ती एकट्या कॅलीला. मार्च 1971 मध्ये 22 जणांच्या खुनाबद्दल जन्मठेप. हुकूम पाळला हा त्याचा बचाव कोर्टाने मानला नाही. तरी तीन-साडेतीन वर्षे, तीही बहुतेक घरीच नजरकैदेत काढून तो सुटला. 2009 मध्ये त्याने प्रथमच जाहीरपणे पश्चात्ताप व्यक्त केला. 2024 मध्ये तो वारला.

थॉम्पसनला काय मिळाले? आधी एक पदक मिळाले. पण त्याच्या प्रशस्तिपत्रात गोळीबाराची खोटीच कथा लिहिलेली होती. त्याने ते फेकून दिले. साक्ष दिल्यावर त्याला देशद्रोही म्हटले गेले, जिवे मारण्याच्या धमक्या आल्या, दारात मेलेली जनावरे टाकली गेली. शिक्षा व्हायची तर आपल्या सैनिकांवर बंदूक रोखणाऱ्या थॉम्पसनलाच झाली पाहिजे, असे काँग्रेसच्या समितीचे अध्यक्ष म्हणाले. खरा सन्मान मिळायला तीस वर्षे लागली. 6 मार्च 1998 रोजी वॉशिंग्टनला तिघांना 'सोल्जर्स मेडल' देण्यात आले. आंद्रेओटाला मरणोत्तर. थॉम्पसनने पुढे लष्करी विद्यालयांत जाऊन नव्या अधिकाऱ्यांना आपला अनुभव सांगितला. तो लष्कराचा वैरी झाला नाही. सैनिकाचे काम निःशस्त्राला मारणे नव्हे, एवढेच तो शेवटपर्यंत सांगत राहिला. 2006 मध्ये तो गेला, 2016 मध्ये कोलबर्न.

क्षमा मागायला कोण येते?

1998 च्या मार्चमध्ये थॉम्पसन आणि कोलबर्न सोन मीला आले. त्यांनी वाचवलेल्या बायकांपैकी काहीजणी त्यांना भेटल्या. एकीने विचारले की ज्यांनी आमच्यावर गोळ्या झाडल्या ते तुमच्याबरोबर का आले नाहीत? थॉम्पसनला वाटले, तिला सूड हवा असेल. पण तिने वाक्य पुरे केले : म्हणजे आम्ही त्यांना क्षमा केली असती. आपल्याला मात्र अजून त्यांना क्षमा करता येत नाही, एवढा मोठा माणूस मी नाही, असे थॉम्पसनने ही आठवण सांगताना मोकळेपणी म्हटले आहे.

पुढे इतर अमेरिकन माजी सैनिकही येऊ लागले. विस्कॉन्सिनचा माईक बोएम हा त्यांपैकी एक. त्याने येथील बायकांसाठी लहान कर्जांची योजना सुरू करायला हात लावला आणि 16 मार्चच्या स्मृतिदिनी तो व्हायोलिन वाजवत असे. मेलेली माणसे त्याने परत येत नाहीत. पण एका बाईच्या दारात डुक्कर किंवा कोंबड्या येतात, मुलीची शाळा सुटत नाही. जो सैनिक एकदा बंदूक घेऊन या देशात आला, तो पुन्हा आला तर काय घेऊन यावे, याचे उत्तर त्याने शोधले.

मुलांना बरोबर न्यावे का?

आमच्यात यावर वाद झाला. छायाचित्रांचे दालन लहान मुलांना झेपणारे नाही, हे खरे. पण नावांची भिंत, पायवाटा आणि चर दहा-बारा वर्षांच्या मुलाला जरूर दाखवावा. संग्रहालयात थॉम्पसन, कोलबर्न आणि आंद्रेओटा यांची छायाचित्रे सन्मानाने लावली आहेत. ज्या गावाने 504 माणसे गमावली, त्या गावाने शत्रूच्या गणवेशातील तीन तरुणांना आपल्या भिंतीवर जागा दिली, हे मुलांना तेथेच उभे करून सांगावे.

आणि घरात भरतीची तयारी करणारा मुलगा असेल, तर त्याला या गावाची गोष्ट भरतीआधी सांगावी. धावणे, उंची, छाती, लेखी परीक्षा यांची तयारी आपण करून घेतोच. बेकायदेशीर हुकूम म्हणजे काय, आणि तो आला तर नाही म्हणता येते, हेही त्याच्या तयारीत असावे. थॉम्पसनला वेळ मिळाला तो काही मिनिटांचा. तेवढ्या वेळात माणूस नवे काही शिकत नाही. घरून, शाळेतून, आईबापांच्या बोलण्यातून जे आत गेलेले असते तेच त्याच्या कामी येते.